सेन्स रेझिस्टर : पॉवर सप्लायचा राखणदार



आषाढ लागला की आमच्या दुरुस्तीच्या वर्गातले टेबल फवारणी पंपांच्या चार्जरांनी भरून जाते. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यात कापसावर आणि मिरचीवर फवारणीसाठी पाठीवरचा बॅटरीचा पंप आता अनेक घरांत आला आहे. पंप सहसा बिघडत नाही. बिघडतो तो त्याचा चार्जर. पावसाळ्यात लाईट येते-जाते, व्होल्टेज कधी खाली पडते तर कधी न्यूट्रल तुटून एकदम वर चढते, आणि त्याचा सगळा मार चार्जरमधल्या छोट्या पॉवर सप्लायवर बसतो. नवा चार्जर मिळतो, पण त्यासाठी तालुक्याला जावे लागते, दिवसाची मजुरी बुडते, आणि फवारणीचे दोन-चार उघडिपीचे दिवस तेवढ्यात निघून जातात. म्हणून गावातच कोणी दुरुस्ती करणारा असला तर त्याचा मोठा आधार वाटतो.

या वेळचा धडा अशा मुलामुलींसाठी आहे ज्यांनी सोल्डरिंग शिकले आहे, मीटर वापरता येतो, ज्यांना फ्यूज, डायोड, कपॅसिटर आणि मॉसफेट ओळखता येतात, पण दुरुस्त केलेला चार्जर आठ दिवसांत पुन्हा का जळतो हे कळत नाही. इतर वाचकांनीही तो वाचावा, कारण चार्जर रात्रभर कुडाच्या भिंतीला टेकवून लावलेला असतो आणि त्याच घरात मुले झोपलेली असतात.

ज्या भागाबद्दल लिहितो आहे तो अगदी छोटासा. नाव करंट सेन्स रेझिस्टर. आम्ही वर्गात नुसते 'सेन्स' म्हणतो. त्याचे काम करंट अडवण्याचे नाही, करंट किती आहे हे सांगण्याचे आहे. रेझिस्टरमधून करंट गेला की त्याच्या दोन टोकांमध्ये थोडे व्होल्टेज तयार होते. हा ओमचा नियम. जर्मन शिक्षक जॉर्ज ओम यांनी तो १८२७ मध्ये छापला आणि शाळेच्या पुस्तकात तो तुम्ही पाठ केला आहे. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. एक ओमच्या रेझिस्टरमधून एक अँपिअर गेला तर एक व्होल्ट मिळतो, अर्धा अँपिअर गेला तर अर्धा व्होल्ट. आयसीला करंट थेट कळत नाही, व्होल्टेज कळते. म्हणून मध्ये हा दुभाषी बसवलेला असतो. त्याची किंमत मुद्दाम कमी ठेवतात, एक-दोन ओम किंवा त्याच्याही खाली, म्हणजे त्याच्यात वीज वाया जात नाही आणि तो फार तापत नाही.

पंपाच्या चार्जरमध्ये असे दोन सेन्स असू शकतात. एक लाईटच्या बाजूला, मॉसफेटच्या सोर्सपासून मायनसपर्यंत. दुसरा बॅटरीच्या बाजूला, आउटपुटच्या मायनस तारेच्या वाटेत. दोघांचे काम वेगळे, बिघडण्याची रीत वेगळी, आणि दोघांकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षाही वेगळी.

आधी लाईटच्या बाजूचा पाहू. भिंतीतून २३० व्होल्ट येतात, ब्रिजमधून जाऊन मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. हे ३२५ व्होल्ट मॉसफेट सेकंदाला हजारो वेळा ट्रान्सफॉर्मरवर चालू-बंद करतो. पुष्कळ चार्जरांत हे चालवणारा आठ पायांचा आयसी यूसी ३८४२ किंवा त्याचाच भाऊ ३८४३ असतो. जुनी रचना आहे, युनिट्रोड कंपनीने काढलेली, आणि आज कित्येक कंपन्या तोच आयसी बनवतात. त्याचा तीन नंबरचा पाय सेन्ससाठी राखलेला आहे.

शेतातला पाट डोळ्यांसमोर आणा. दार उघडले की वाफ्यात पाणी चढू लागते. वाफ्याच्या कडेला एक काठी रोवली आहे, तिच्यावर खूण आहे. पाणी खुणेला लागले की पाणी देणारा दार बंद करतो. पुढच्या वाफ्याला पुन्हा तेच. मॉसफेट चालू झाला की ट्रान्सफॉर्मरमधला करंट एकदम उसळत नाही, पाण्यासारखा चढत जातो. सेन्सवरचे व्होल्टेजही त्याच्याबरोबर चढते. आउटपुटला किती गरज आहे त्यावरून आयसी खूण वर-खाली करतो, पण काहीही झाले तरी ती एक व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. तीन नंबरच्या पायावर एक व्होल्ट आला की मॉसफेट त्याच क्षणी बंद. पुढच्या फेरीत पुन्हा सुरुवात.

यातून एक साधा हिशेब निघतो, तो वहीत लिहून ठेवा. जास्तीत जास्त करंट म्हणजे एक भागिले सेन्सची किंमत. सेन्स एक ओमचा असेल तर शिखराचा करंट एक अँपिअर, अर्ध्या ओमचा असेल तर दोन, ०.३३ ओमचा असेल तर तीन. म्हणजे हा रेझिस्टर बदलताना तुम्ही फक्त एक जळका भाग बदलत नाही, चार्जरची मर्यादा ठरवत असता. आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये दर फेरीला साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. करंटची मर्यादा दुप्पट केली की ऊर्जेची मर्यादा चौपट झाली. तेवढी ऊर्जा पेलायला ट्रान्सफॉर्मरचा गाभा बनवलेला नसतो. तो भरून गेला की करंट चढत जाण्याऐवजी उभा उसळतो आणि मॉसफेट फुटतो. आठ दिवसांत परत येणाऱ्या चार्जरांपैकी बऱ्याच चार्जरांची गोष्ट एवढीच असते.

आता बंद पडलेला चार्जर हातात घेऊ. उघडण्याआधी एक गोष्ट, आणि ती मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगतो. चालू चार्जरपेक्षा मेलेला चार्जर जास्त दगा देतो. चार्जर चालत असेल तर प्लग काढल्यावर मोठा कपॅसिटर आपोआप लवकर रिकामा होतो, कारण सप्लाय त्यातली वीज वापरतो. पण सेन्स जळून उघडा पडला असेल तर मॉसफेटची वाटच तुटते, वीज वापरणारे कोणी राहत नाही, आणि प्लग काढून बराच वेळ गेला तरी कपॅसिटरवर शेकडो व्होल्ट उभे असतात. तो झटका जिवावर बेतू शकतो. म्हणून होल्डरला दोन पक्क्या, चांगल्या इन्सुलेशनच्या तारा जोडून एक साधा तारेचा बल्ब तयार ठेवा. त्याची टोके कपॅसिटरच्या दोन पायांना क्षणभर लावा, बल्ब चमकून विझेल. मग मीटर लावून दहा व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा आणि त्यानंतरच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने फाट् करून शॉर्ट करण्याची पद्धत दुकानांत दिसते. तिने डोळ्यात ठिणगी जाते, प्लेटचा ट्रॅक उडतो. आमच्या टेबलावर ती चालत नाही.

खात्री झाली की आधी नुसते पाहा. काळा पडलेला, चिरलेला किंवा पोटात फुटलेला रेझिस्टर मॉसफेटजवळ दिसेल. नवशिका इथेच खूश होतो. जळका भाग सापडला, तो बदलला की काम झाले असे त्याला वाटते. सेन्स मात्र क्वचितच स्वतःहून जळतो. नेहमीचे काम करताना त्याच्यात पाव वॅटही खर्च होत नाही, आणि बसवलेला असतो एक किंवा दोन वॅटचा. तो जळला याचा अर्थ त्याच्यातून फार मोठा करंट गेला, आणि तेवढा करंट जाण्याची एकच वाट आहे : मॉसफेट शॉर्ट झाला.

ही मालिका नीट समजून घ्या. न्यूट्रल तुटून किंवा जवळ वीज पडून व्होल्टेज चढले, अथवा उष्णतेने मॉसफेट थकला, आणि त्याचे ड्रेन व सोर्स आतून एक झाले. ३२५ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून थेट सेन्सवर आले. फ्यूज आणि सेन्स यांची शर्यत लागते. पुष्कळदा दोघेही जातात. सेन्स उघडा पडला की सोर्सच्या पायावर आलेल्या मोठ्या व्होल्टेजला मायनसकडे जायला सोपी वाट उरत नाही. मग ते दोन आडवाटांनी निघते. एक वाट सुमारे एक किलोओमच्या छोट्या रेझिस्टरमधून आयसीच्या तीन नंबरच्या पायाकडे. दुसरी मॉसफेटच्या फुटलेल्या गेटमधून, दहा ते सत्तेचाळीस ओमच्या गेट रेझिस्टरमधून, सहा नंबरच्या पायाकडे. दोन्ही वाटा आयसीला जाऊन मिळतात. म्हणून सेन्स जळलेला दिसला की आयसी गेला असेच धरून चाला.

मुलांना माझा नियम असा. मॉसफेट, सेन्स, गेट रेझिस्टर, तीन नंबरच्या पायाचा तो किलोओमचा रेझिस्टर आणि आयसी हे पाच भाग एकत्रच बदलायचे, मीटरवर एखादा बरा दिसला तरी. गेटपासून सोर्सपर्यंत झेनर असेल तर तोही. मग ब्रिजचे चारही डायोड तपासायचे. त्यानंतर ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी असलेली डायोड, कपॅसिटर आणि जाड रेझिस्टर यांची जोडणी पाहायची. मॉसफेट बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका ती पिऊन टाकते. तिचा डायोड किंवा रेझिस्टर उघडा असेल तर नवा मॉसफेटही फार टिकत नाही. हे सगळे भाग मिळून नव्या चार्जरच्या निम्म्या किमतीलाही येत नाहीत. एक-एक भाग बदलून, लावून पाहून, पुन्हा जाळून जो खर्च होतो त्यापेक्षा तर हे फारच स्वस्त.

आता कठीण भाग. सेन्स जळून कोळसा झाला आहे, पट्टे दिसत नाहीत. किती ओमचा घालायचा?

पट्टे थोडे जरी दिसत असतील तर आधी ते वाचा. कमी किमतीच्या रेझिस्टरचा तिसरा पट्टा सोनेरी किंवा चंदेरी असतो, आणि मुले नेमकी इथे फसतात. तिसरा पट्टा सोनेरी म्हणजे आधीच्या दोन अंकांना दहाने भागा, चंदेरी म्हणजे शंभराने भागा. तपकिरी, काळा, सोनेरी : दहा भागिले दहा, एक ओम. पिवळा, जांभळा, चंदेरी : सत्तेचाळीस भागिले शंभर, ०.४७ ओम. चौथा सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के फरक चालतो. चपटा चिप रेझिस्टर असेल तर त्यावर अक्षर असते. 'आर १००' म्हणजे ०.१ ओम, '१ आर ०' म्हणजे एक ओम. जिथे 'आर' तिथे दशांश चिन्ह समजा.

पट्टे गेलेच असतील तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा चार्जर गावात शोधा. पंप वाटपात आलेले असतील तर एकाच मॉडेलचे अनेक चार्जर एका पाड्यावर असतात. शेजाऱ्याला विचारून दहा मिनिटे उघडून पाहिले की उत्तर मिळते, आणि ते वहीत लिहून ठेवले की पुन्हा विचारावे लागत नाही. कधी प्लेटवरच किंमत छापलेली असते. कधी दोन रेझिस्टर समांतर लावलेले असतात आणि त्यातला एक वाचण्याजोगा उरतो. बहुधा दुसरा तसाच असतो.

काहीच मिळाले नाही तर हिशेब करा. चार्जरवर लिहिलेले आउटपुट घ्या. समजा १४.४ व्होल्ट आणि १.७ अँपिअर. गुणाकार सुमारे २५ वॅट. वाटेत थोडी वीज वाया जाते, म्हणून आत सुमारे ३० वॅट लागतील. गावात लाईट उतरलेली असताना मोठ्या कपॅसिटरवर २२० व्होल्टच्या आसपास उरतात असे धरू. तीस भागिले दोनशे वीस, म्हणजे सरासरी ०.१४ अँपिअर. पण करंट त्रिकोणासारखा चढतो आणि फेरीच्या काही भागातच वाहतो, त्यामुळे शिखर सरासरीच्या पाच-सात पट उंच असते. ते ०.७ ते १ अँपिअर निघते. म्हणून सेन्स एक ओमच्या आसपास, फार तर दीड ओमपर्यंत असणार. हा अंदाज आहे, पण ०.१ आणि १ यांतली गफलत टाळायला तेवढा पुरतो.

मग अंदाजापेक्षा जास्त किमतीपासून सुरुवात करायची. सेन्सची किंमत जास्त असेल तर चार्जर लवकर दमेल, पूर्ण भार लावला की टिकटिक करेल, पण जळणार नाही. किंमत कमी असेल तर चार्जर खुशीत चालेल आणि एके रात्री फुटेल. चूक करायचीच तर पहिल्या बाजूला व्हावी. २.२ ओमचा, एक वॅटचा रेझिस्टर लावा. आउटपुटला दहा ओमचा, पंचवीस वॅटचा जाड रेझिस्टर भार म्हणून जोडा, १४.४ व्होल्टला तो सुमारे १.४ अँपिअर घेतो. व्होल्टेज टिकत नसेल तर प्लग काढा, कपॅसिटर रिकामा करा आणि पहिल्याला समांतर आणखी एक २.२ ओमचा टाका. दोन मिळून १.१ ओम झाले. टिकले, तिथेच थांबा. आणखी खाली जाण्याचा मोह आवरा. (काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय आउटपुटच देत नाहीत. तिथे भाराबरोबर बॅटरीही लावावी लागते.)

रेझिस्टरच्या जातीबद्दल दोन शब्द. सिमेंटचा पांढरा, आत तार गुंडाळलेला रेझिस्टर इथे घालू नये. गुंडाळलेली तार म्हणजे छोटी कॉईलच, आणि इतक्या वेगाच्या चालू-बंदमध्ये ती स्वतःचे खोटे व्होल्टेज तयार करते. आयसीला वाटते खूण गाठली, आणि तो आधीच बंद करतो. मेटल फिल्म किंवा मेटल ऑक्साईडचा घ्या. दुकानदार साधा पाव वॅटचा कार्बन रेझिस्टर पुढे करेल. एक वॅटचा मागून घ्या. नाहीच मिळाला तर समांतर जोड करा. एक-एक ओमचे दोन समांतर म्हणजे अर्धा ओम, आणि वॅटही दुप्पट.

आणि मीटरबद्दल. स्वस्त मीटरवर सेन्स मोजता येतो असे समजू नका. दोन्ही पिना एकमेकींना लावल्या तरी मीटर ०.२ किंवा ०.४ ओम दाखवतो, तो तारांचाच रोध असतो. एक ओमच्या रेझिस्टरसाठी तो वजा करून कसेबसे भागते. ०.१ ओमच्या रेझिस्टरला ते चालणार नाही. त्याची युक्ती सोपी आहे. मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर घ्या, दहा ओमचा पाच वॅटचा रेझिस्टर आणि संशयित सेन्स एकामागोमाग एक जोडा. दोघांमधून करंट एकच. आता मीटर व्होल्टवर ठेवून दोघांच्या टोकांवर अगदी पायाशी मोजा. दहा ओमवर ४.९५ व्होल्ट आणि सेन्सवर ४९.५ मिलीव्होल्ट आले तर सेन्स दहा ओमच्या शंभराव्या हिश्श्याचा, म्हणजे ०.१ ओमचा. करंट किती हे मोजायचीही गरज पडली नाही. दहा ओमचा रेझिस्टर चांगला तापेल, बोट लावू नका. आमच्या वर्गातल्या मुली हा प्रयोग मुलांपेक्षा नीटसपणे करतात असे माझे निरीक्षण आहे. पिना अगदी पायाशी धरायला हात स्थिर लागतो.

सेन्स प्रत्येक वेळी जळूनच बिघडतो असेही नाही. वर्षानुवर्षे तापून त्याची किंमत वाढते, किंवा त्याच्या पायाशी सोल्डर चिरतो. मग चार्जर बिनभाराचा ठीक दिसतो, हिरवा दिवा लागतो, आणि बॅटरी लावली की टिक, टिक, टिक. हा आवाज म्हणजे आयसी सुरू होऊन बंद पडतो आहे. ३८४२ सोळा व्होल्टला जागा होतो आणि दहाच्या खाली झोपतो. भार काढूनही टिकटिक राहिली तर आधी आयसीच्या सात नंबरच्या पायाजवळचा छोटा कपॅसिटर बदला आणि आउटपुटचा डायोड शॉर्ट आहे का पाहा. भार लावल्यावरच टिकटिक येत असेल तर सेन्स उतरवून वरच्या युक्तीने मोजा. पायाशी नव्याने सोल्डर दिल्यानेही कधी काम भागते.

आता बॅटरीच्या बाजूचा सेन्स. माझ्या मते खरा घोटाळा याच्यातच होतो. आमच्याकडे येणाऱ्या चार्जरांत अधूनमधून असे चार्जर असतात की आधी कोणीतरी ते उघडून या ठिकाणी तांब्याची तार लावलेली असते. चार्जर चालू असतो. तक्रार वेगळीच असते : "सर, बॅटरी फुगली." दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला सरळ विचारले होते, "पॉइंट वन ओम म्हणजे जवळजवळ तारच ना सर, मग तार का चालत नाही?" प्रश्न रास्त आहे. करंट जाण्यापुरते पाहिले तर ०.१ ओम आणि तार यांत फरक नाही. पण सांगण्याच्या दृष्टीने पाहा. १.७ अँपिअरला ०.१ ओमवर १७० मिलीव्होल्ट मिळतात. त्याच्याशी तुलना करून शेजारचा एलएम ३५८ आयसी ऑप्टोकपलरमार्फत पलीकडे कळवतो, आता पुरे. तारेवर जवळजवळ शून्य मिळते. एलएम ३५८ ला वाटते करंट जातच नाही. तो कधीच 'पुरे' म्हणत नाही.

पंपाची बॅटरी बहुधा बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-ॲसिड असते. तिच्यावरच छापलेले असते की सुरुवातीचा करंट २.४ अँपिअरपेक्षा कमी ठेवा. रिकामी बॅटरी मात्र मिळेल तेवढा करंट ओढते. तार लावलेला चार्जर त्याच्या पूर्ण ताकदीने देत राहतो, बॅटरी तापते, आत वायू होतो, डबा फुगतो. बॅटरीची किंमत चार्जरपेक्षा जास्त. शिवाय चार्जरही सतत आपल्या शिखरावर चालतो. त्याचे प्लॅस्टिक मऊ पडते, आणि तो कुडाला टेकलेला असतो.

तार लावल्याची ओळख न उघडताही पटते. अशा पुष्कळ चार्जरांत लाल दिव्याचा हिरवा होण्याचा निर्णय याच सेन्सवरून होतो : करंट ठरावीक पातळीखाली उतरला की हिरवा. रिकामी बॅटरी लावताच दिवा लगेच हिरवा दाखवत असेल आणि तरी तार गरम होत असेल, तर आत कोणीतरी तार ठोकली आहे असे समजा. उलट सेन्स उघडा पडला असेल तर आउटपुटची वाटच तुटते. बॅटरी लावूनही काही होत नाही.

जाड तार योग्य लांबीची कापून ०.१ ओम करता येईल का, असेही कोणी विचारेल. तांब्याची नको. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. पन्नास अंश तापले की वीस टक्के फरक पडला. तुमच्या मीटरच्या दहा अँपिअरच्या खाचेमागे कमानीसारखा वाकवलेला जाड तारेचा तुकडा असतो. तोही सेन्सच आहे, पण मँगॅनिनसारख्या मिश्रधातूचा. तापला तरी त्याचा रोध जवळपास हलत नाही. एडवर्ड वेस्टन यांनी हा मिश्रधातू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोजमापाच्या उपकरणांसाठीच तयार केला. जुने, मेलेले मीटर फेकू नका.

सगळे भाग बसवले की थेट प्लगमध्ये घालायचे नाही. सिरीजमध्ये साठ वॅटचा तारेचा बल्ब लावून चालू करा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला किंवा विझला तर ठीक, तो फक्त कपॅसिटर भरण्याचा करंट होता. बल्ब भरपूर पेटूनच राहिला तर अजून शॉर्ट आहे. बल्बने तुमचे पाचही नवे भाग वाचवले. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, जुना तारेचाच हवा, म्हणून मिळेल तिथून दोन-तीन जपून ठेवा. सिरीज बल्बवर पूर्ण भार लावून परीक्षा घेऊ नका, व्होल्टेज पडून चांगला चार्जरही टिकटिक करेल. बिनभाराचे व्होल्टेज बरोबर आले की बल्ब काढा, रिकामी बॅटरी जोडा, मीटर दहा अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या वाटेत लावा आणि करंट पाहा. चार्जरवर १.७ लिहिले असेल तर १.७ च्या आसपास हवा. दोनच्या वर गेला तर चार्जर परत देऊ नका. अर्धा तास डोळ्यांसमोर चालू ठेवा, मग प्लग काढून सेन्सच्या आसपासची प्लेट काळवंडते आहे का ते बघा.

हाच सेन्स एलईडी बल्बातही असतो. छोट्या प्लेटवर आयसीजवळ दोन चिप रेझिस्टर समांतर दिसतात, ते एलईडीचा करंट ठरवतात. स्वस्त बल्ब जास्त करंटवर चालवून लवकर मरतात. दोनपैकी मोठ्या किमतीचा रेझिस्टर काढला तर करंट थोडा उतरतो, उजेड जरासा कमी होतो, बल्ब थंड राहतो आणि जास्त टिकतो. काम बल्ब होल्डरमधून काढूनच करायचे. त्या प्लेटवर लाईट थेट असते.

ज्यांना गावी दुरुस्तीची पेटी तयार करायची आहे त्यांनी एक ओम, २.२ ओम, ०.४७, ०.२२ आणि ०.१ ओम यांचे एक-एक वॅटचे दहा-दहा रेझिस्टर आणून ठेवावेत. प्रत्येक किंमत वेगळ्या पाकिटात ठेवावी आणि पाकिटावर पट्ट्यांचे रंग मराठीत लिहावेत. तालुक्याच्या दुकानात ०.१ ओमचा मिळेलच असे नाही. जिल्ह्याला कोणी जात असेल तर आधी सांगून ठेवावे. आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक चार्जरच्या आत, झाकणाच्या मागे, कागदाचा एक तुकडा चिकटवावा : तारीख, दोन्ही सेन्सच्या किमती, शेवटी मोजलेला करंट. पुढच्या पावसाळ्यात तोच चार्जर दुसऱ्या कोणाच्या हातात गेला तर त्याला पट्टे शोधत बसावे लागणार नाही.